कर्मवीर भाऊराव पाटील : एका पंगतीचा प्रवास

करवीर नगरीला वसतिगृहांची जननी म्हटले जाते, ते यथार्थच आहे. खेड्यापाड्यांतील बहुजन समाजाच्या मुलांना शिकण्याची इच्छा असूनही शहरात राहण्या-जेवण्याची सोय नव्हती. ही अडचण ओळखून राजर्षी शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एकामागून एक वसतिगृहांना राजाश्रय दिला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंगही सुरू झाले. पुढील काही वर्षांत मुस्लिम, वीरशैव लिंगायत व अन्य समाजांची वसतिगृहे उभी राहिली. दसरा चौकाच्या परिसरातील या संस्थांच्या वास्तू त्या काळाची साक्ष आजही देतात.

या जैन बोर्डिंगातून कितीतरी विद्यार्थी शिकून बाहेर पडले आणि वकील, शिक्षक, अधिकारी झाले. बोर्डिंगच्या इतिहासात त्यांची नोंद अभिमानाने होते. परंतु बोर्डिंगातून शिक्षा म्हणून बाहेर काढला गेलेला एक विद्यार्थी या सर्वांहून मोठा झाला. जैन समाजाच्या इतिहासातील हे पान काहीसे अवघडलेपणाने उलटले जाते. वास्तविक ते सावकाश वाचावे, असेच आहे.

त्या काळातील दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज प्रामुख्याने शेतीवर जगणारा होता. गावोगावी पाटीलकी होती, बसदी होत्या, व्रतवैकल्ये होती. अक्षरओळख मात्र बेताचीच. धर्मग्रंथ हस्तलिखितांच्या रूपाने भांडारांत जपलेले होते आणि ते छापू लागताच शास्त्राचे पावित्र्य भंगेल, अशी ओरड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक ठिकाणी झाली. अशा वातावरणात १८९९ मध्ये स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. शिक्षणप्रसार हा सभेच्या कार्याचा गाभा होता. तिच्या तरुण धुरीणांत कुरुंदवाडचे अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे अग्रभागी होते. एम. ए., एलएल. बी. झालेला, १९०५ मध्ये इंग्रजीतून जैन धर्माचा परिचय करून देणारा ग्रंथ लिहिणारा, राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणारा हा विद्वान म्हणजे समाजातील नव्या युगाची चालती-बोलती खूणच. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगची सूत्रे त्यांच्या हाती होती.

याच बोर्डिंगात भाऊराव पायगोंडा पाटील हा विद्यार्थी दाखल झाला.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी हातकणंगले तालुक्यातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. बाहुबलीच्या डोंगराच्या परिसरातील हे गाव. त्यांचे घराणे मूळचे कर्नाटकातील मूडबिद्रीकडचे. पुढे ते सध्याच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झाले. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात नोकरीस होते. त्यांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण दहिवडी, विटे अशा गावी झाले. शरीर धिप्पाड, कुस्तीची आवड, स्वभाव हट्टी आणि अभ्यासात गती बेताची, असा हा मुलगा. अस्पृश्यांना पाणी भरू न देणाऱ्या विहिरीचा रहाट त्यांनी लहानपणी मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. इंग्रजी शिक्षणासाठी वडिलांनी त्यांना कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात घातले आणि राहण्याची व्यवस्था जैन बोर्डिंगात केली.

बोर्डिंगची शिस्त कडक होती. धर्माचाराचे पालन, वेळेवर उठणे, दर्शन, भोजनापूर्वी स्नान, सोवळ्याने पंगतीला बसणे, हे नियम सर्वांना सारखेच लागू होते. या नियमांना त्या वेळी कोणी जाचक मानीत नसे. खेड्यातून मुलगा शहरात पाठवताना आईवडिलांच्या मनात एकच धास्ती असे, की मुलगा शिकेल खरा, पण भ्रष्ट होऊन परत येईल. बोर्डिंगचा कडकपणा हे या धास्तीला दिलेले उत्तर होते. तो नसता, तर कित्येक पालकांनी मुले पाठवलीच नसती. संस्थाचालकांची ही बाजूही ध्यानात घेतली पाहिजे.

१९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्यास देण्यात आले होते. या वसतिगृहाच्या उद्घाटनाच्या समारंभास भाऊराव गेले. परतल्यावर भोजनगृहात जाण्यापूर्वी त्यांनी स्नान करावे, असे त्यांना बजावण्यात आले. कारण अस्पृश्यांत मिसळून आल्याने विटाळ झाला होता. भाऊरावांनी स्नान करण्यास साफ नकार दिला. माणसांत जाऊन आल्याने आपण अपवित्र कसे झालो, हे त्यांना कोणी पटवून देऊ शकले नाही आणि न पटलेली गोष्ट करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. हे प्रकरण लठ्ठे यांच्यापर्यंत गेले आणि भाऊरावांची बोर्डिंगातून हकालपट्टी झाली.

एका अंघोळीचा हा प्रश्न होता, असे वरवर पाहता वाटेल. परंतु ज्या संस्थेने समाजाला जुन्या अंधारातून बाहेर काढण्याचे व्रत घेतले होते, तिला त्या दिवशी आपल्या दारात उभी असलेली पुढची पायरी दिसली नाही, किंवा दिसूनही ती चढवली नाही. मुले शिकवावीत, इंग्रजी शिकवावे, ग्रंथ छापावेत, येथपर्यंतचे परिवर्तन संस्थेने पत्करले होते आणि त्यासाठी जुन्या मंडळींचा रोषही सोसला होता. पण पंगतीला हात लावणारे परिवर्तन तिला झेपणारे नव्हते. लठ्ठे यांच्यासारखा विवेकी, उदारमतवादी पुरुषही येथे नियमाच्या बाजूने उभा राहिला. त्यांना बोर्डिंग चालवायचे होते, वर्गणी देणारे गावोगावचे पाटील सांभाळायचे होते, हे खरे असेल. पण पंगतीच्या दारातून एक मुलगा परत फिरवला गेला, हेही तितकेच खरे.

या हकालपट्टीनंतर भाऊराव काही काळ राजवाड्याच्या आश्रयाने कोल्हापुरातच राहिले. शाहू महाराजांचे कार्य जवळून पाहण्याची संधी त्यांना तेथे मिळाली. राज्यकारभारातील ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा १९०२ चा हुकूम ज्या राजाने काढला, त्याच्या सहवासाचा संस्कार केवढा झाला असेल, हे पुढील आयुष्यावरून दिसतेच. शालेय शिक्षण मात्र तेथेच थांबले. इंग्रजी सहाव्या इयत्तेच्या पुढे त्यांची मजल गेली नाही. १९०९ मध्ये त्यांचा विवाह कुंभोजच्या लक्ष्मीबाईंशी झाला. उपजीविकेसाठी त्यांनी साताऱ्यात खासगी शिकवण्या धरल्या आणि ते मास्तर पाटील म्हणून ओळखले जाऊ लागले. १९१० मध्ये दुधगाव येथे काही सहकाऱ्यांसह त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढण्यात पुढाकार घेतला. बोर्डिंगातून बाहेर पडून अवघी दोन वर्षे झाली होती.

यानंतरचा प्रसंग त्यांच्या चरित्रातील सर्वांत कसोटीचा आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील व्यक्तीच्या पुतळ्यास डांबर फासण्याचा प्रकार घडला. संस्थानात खळबळ उडाली आणि संशयाची सुई लठ्ठे यांच्याकडे वळवण्यात आली. त्यांच्याविरुद्ध साक्षीदार हवा होता. बोर्डिंगातून लठ्ठे यांनीच घालवून दिलेला भाऊराव हा त्यासाठी सोयीचा माणूस वाटला असल्यास नवल नाही. भाऊरावांवर खोटी साक्ष देण्यासाठी दबाव आणण्यात आला, त्यांना अटक झाली, त्यांचा छळ झाला. तो असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. परंतु लठ्ठे यांच्याविरुद्ध एक शब्द उच्चारला नाही. लठ्ठे पुढे कोल्हापूर सोडून बेळगावास गेले आणि तेथे त्यांनी वकिली सुरू केली.

सूड उगवण्याची संधी हात जोडून दाराशी आली असता ती परत पाठवणे, हा क्षमाधर्म. पर्युषणात क्षमायाचना करणाऱ्या समाजाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. येथे आणखी एका गोष्टीची नोंद घेतली पाहिजे. ज्या संस्थानात हा छळ झाला, त्याच संस्थानच्या अधिपतीचे नाव भाऊरावांनी पुढे आपल्या साताऱ्याच्या वसतिगृहास दिले. लठ्ठे यांनीही १९२४ मध्ये शाहू महाराजांचे विस्तृत इंग्रजी चरित्र दोन खंडांत प्रसिद्ध केले आणि पुढे ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले. वैयक्तिक जखमा आणि सार्वजनिक कार्य यांचे हिशेब या पिढीने वेगवेगळ्या वह्यांत मांडले.

कोल्हापूरच्या या प्रकरणानंतर भाऊरावांनी किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीचे काम पत्करले. चरित्रकार या कालखंडावरून भरभर पुढे जातात. पण परिवर्तनाचा खरा अभ्यास त्यांनी येथेच केला. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढते, पीक जळते, अशी समजूत त्या वेळी शेतकऱ्यांत होती. लाकडी नांगर वापरत आलेल्या माणसाला चढ्या किमतीचे लोखंडी अवजार घ्यायला लावणे हे व्याख्यानाचे काम नव्हते. नांगर बांधावर नेऊन उभा करावा लागे, स्वतः जुंपून दाखवावा लागे, उलटलेली ढेकळे शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसावी लागत. एकाने घेतला, त्याचे पीक उभे राहिले, की शेजारचा न बोलावता येई. भाऊराव या कामासाठी गावोगाव फिरले. ओगल्यांच्या काच कारखान्याच्या मालाची विक्रीही त्यांनी केली, आणि साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. या भ्रमंतीत त्यांना खेडे आतून दिसले. सावकाराच्या वहीवर अंगठा उमटवणारा शेतकरी, शाळेच्या दाराबाहेर बसलेले महाराचे पोर आणि घरच्या गुरांमागे जाणारी हुशार मुले त्यांनी पाहिली. नांगर विकणाऱ्या भाऊरावांना उमगले, की बदल सांगून होत नाही, तो करून दाखवावा लागतो.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर गाढ प्रभाव होता. सत्यशोधक समाजाच्या व्यासपीठांवरून ते बोलत असत. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. रयत हा शब्द त्यांनी समजून उमजून निवडला होता. संस्थेला ना एका जातीचे नाव, ना एका धर्माचे. संस्थेच्या उद्दिष्टांत मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची गोडी लावणे होतेच; त्यासोबत निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांमध्ये प्रेमभाव निर्माण करणे आणि अयोग्य रूढींना फाटा देणे, हेही आरंभापासून नमूद होते.

जातवार वसतिगृहांच्या युगात हा विचार धाडसाचा होता. शाहू महाराजांच्या योजनेत प्रत्येक समाजाने आपापल्या मुलांची काळजी घ्यावी आणि दरबाराने साहाय्य करावे, अशी रचना होती. त्या काळाच्या मानाने ती व्यवहार्य होती आणि तिनेच पहिल्या पिढीला शिकवले. भाऊरावांनी तिच्यावर टीका करीत वेळ दवडला नाही. त्यांनी तिच्या पुढचे घर बांधले.

१९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले. आरंभी वसतिगृह म्हणजे भाऊरावांचे बिऱ्हाडच. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, अशी नाना जातींची मुले एका छपराखाली राहू लागली. आचारी नव्हता. मुलांनीच पाळीपाळीने पाणी भरावे, भाकरी थापाव्यात, भांडी घासावीत आणि सर्वांनी एका ओळीत बसून जेवावे, असा रोजचा क्रम होता. कोणाच्या हातची भाकरी कोणाच्या ताटात पडते, हे पाहण्यास तेथे सवडही नसे. कोल्हापूरच्या भोजनगृहाच्या दारातून परत फिरलेल्या मुलाने सोळा वर्षांनंतर मांडलेली ही पंगत होती. जातिभेद वाईट आहे असे तेथे रोज कोणी सांगत नसे. भूक लागलेली असे, भाकरी समोर येई आणि शेजारी जो बसेल तो बसे. असे वर्ष-दोन वर्षे गेल्यावर गावी परतलेल्या मुलाला जुना आचार पुन्हा अंगी लावून घेणे जड जाई.

या पंगतीचा सर्वांत मोठा भार लक्ष्मीबाईंनी उचलला. त्या सुखवस्तू, धर्मपरायण जैन घराण्यातील. सोवळे-ओवळे, चूल आणि पाण्याचे भांडे यांविषयीचे त्या काळचे सर्व संस्कार त्यांच्यावर होते. पतीने एके दिवशी निरनिराळ्या जातींची मुले घरात आणून ठेवली, तेव्हा त्यांच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, याची कल्पना त्या पिढीच्या आजींना पाहिलेल्या कोणासही येईल. पुरुषांच्या सुधारणा सभेत होतात; त्यांची किंमत स्वयंपाकघरात चुकवावी लागते. लक्ष्मीबाईंनी ती किंमत मोजली. मुलांचे आजार, त्यांचे रुसवे, रात्रीचे भय, घरची आठवण हे सारे त्यांच्या पदराखाली आले. वसतिगृहात धान्य संपले, की त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना कमी होई. अखेर मंगळसूत्रही गेले. जैन स्त्रीच्या लेखी धर्माचाराचे मोल काय असते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यांनी दिलेल्या दागिन्यांपेक्षा त्यांनी ओलांडलेल्या उंबरठ्याचे मोल अधिक वाटेल. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेचे मोठे यश पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. संस्थेत त्यांना रयतमाउली म्हणून ओळखले जाते.

१९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले. त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले सहजपणे एकत्र राहतात, जेवतात, हे पाहून गांधीजी प्रभावित झाले. भाऊरावांवरही गांधीजींच्या विचारांचा परिणाम झाला. येथे ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की सत्यशोधक चळवळीतील अनेकांना त्या वेळी काँग्रेस ही परक्यांची चळवळ वाटत होती. भाऊरावांनी फुल्यांना न सोडता गांधींचा स्वीकार केला. दुसऱ्यांना बदलण्यास निघालेली माणसे स्वतः बहुधा बदलत नाहीत. भाऊराव चाळिशीत बदलले. १९३२ मध्ये येरवडा करारानंतर पुण्यात त्यांनी युनियन बोर्डिंग हाउस सुरू केले. स्पृश्य आणि अस्पृश्य मुलांनी एकत्र राहावे, हा त्यामागील हेतू नावातच होता.

यानंतर कार्याचा पसारा वाढत गेला. १९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी ग्रामीण शिक्षक तयार करण्यासाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. शिक्षिकांसाठी पुढे जिजामाता अध्यापिका विद्यालय झाले. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. अर्थखाते होते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे. ज्या खेड्यांत सरकारी शाळा नाही, तेथे लोकांनी शाळा काढल्यास अनुदान द्यावे, असे धोरण या काळात पुढे आले. त्याचा सर्वाधिक लाभ ज्याने उठवला, तो कार्यकर्ता तीस वर्षांपूर्वी लठ्ठे यांच्याच बोर्डिंगातून बाहेर पडलेला होता. साताऱ्याजवळच्या डोंगरावरील यवतेश्वरपासून आरंभ करून भाऊरावांनी डोंगरकपारीत, वाड्यावस्त्यांवर शेकडो व्हॉलंटरी शाळा उघडल्या. देवळाचा मंडप, चावडी, एखाद्याचा गोठा, जेथे छप्पर मिळेल तेथे शाळा भरे. आपल्या प्रशिक्षण विद्यालयातून बाहेर पडलेले तरुण तेथे शिक्षक म्हणून जात. या शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली.

१९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. फी नाही, राहण्याचा खर्च नाही; मुलाने श्रम करावेत आणि शिकावे. माळ फोडणे, विहीर खणणे, शेती करणे, बांधकामावर दगड वाहणे, ही कामे विद्यार्थी करीत. कमवा आणि शिका ही योजना आज अनेक महाविद्यालयांतून एका फलकावर लिहिलेली दिसते. तेथे ती हाताला घट्टे पाडणारी होती. अंगमेहनतीची लाज वाटणारा सुशिक्षित निर्माण होऊ नये, हा भाऊरावांचा कटाक्ष होता. शिकलेला मुलगा नांगराला हात लावेनासा होतो, ही शेतकऱ्याची तक्रार त्यांनी नांगर विकतानाच ऐकली असणार. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. मोठी देणगी देऊ करून संस्थेचे नाव बदलण्याची सूचना आली असता, प्रसंगी जन्मदात्याचे नाव बदलीन पण छत्रपतींचे बदलणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, ही कथा साताऱ्यात सर्वांना ठाऊक आहे.

१९४८ साल उजाडले आणि संस्था अडचणीत सापडली. गांधीजींच्या हत्येनंतरच्या अस्वस्थ दिवसांत भाऊरावांनी शासनाच्या धोरणावर जाहीर टीका केली. परिणामी रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबले. शेकडो शाळा, हजारो मुले, आणि शिक्षकांच्या पगारासाठी पैसा नाही, अशी अवस्था झाली. एका व्यक्तीच्या स्पष्टवक्तेपणाची शिक्षा समग्र संस्थेला झाली, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. संस्था चालवणाऱ्याने आपली जीभ किती सैल सोडावी, हा प्रश्न प्रत्येक विश्वस्ताला पडतो. भाऊराव मात्र जनतेकडे गेले. शिक्षकांनी अर्धपोटी राहून वर्ग चालू ठेवले. खेड्यापाड्यांतून धान्य आले, वर्गणी आली. ज्यांच्या मुलांसाठी मूठमूठ धान्य मागितले होते, तीच माणसे आता पोती घेऊन आली. अखेर संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. गाडगे महाराजांचे हे ऋण भाऊरावांनी स्मरणात ठेवले. १९५४ मध्ये कऱ्हाड येथे सुरू झालेल्या महाविद्यालयास सद्‌गुरू गाडगे महाराजांचे नाव आहे.

याच सुमारास त्यांनी गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक विद्यालये काढण्याचा संकल्प सोडला होता. अनुदान बंद, तिजोरी रिकामी, आणि संकल्प शंभर शाळांचा, हा त्यांच्या स्वभावाचा नमुनाच. पुढे व्हॉलंटरी प्राथमिक शाळा शासकीय स्कूल बोर्डांकडे वर्ग झाल्या. वीस-पंचवीस घरांच्या वस्त्यांवर कष्टाने उभ्या केलेल्या शाळा हातच्या जाणार, म्हणून हळहळण्यासारखे बरेच होते. कित्येक संस्था अशा वेळी कोर्टकचेऱ्यांत वर्षे घालवतात. रयतेच्या मुलांची प्राथमिक शाळा शासनाने आपल्या शिरावर घेतली, तर आपले त्या जागेचे काम झाले, असे मानून संस्थेने आपले बळ माध्यमिक शिक्षणाकडे वळवले. भाऊरावांच्या हयातीतच संस्थेच्या माध्यमिक शाळांची संख्या शंभरापलीकडे गेली आणि महाविद्यालये तीन झाली. वडाची पारंबी जमिनीस टेकली की तिचेच खोड होते. संस्थेने बोधचिन्ह म्हणून वटवृक्षच निवडला आहे.

जैन समाजाशी त्यांचे नाते शेवटपर्यंत राहिले, पण ते काहीसे अंतर राखून. समाजातील कित्येकांना त्यांचा अभिमान होता आणि कित्येकांना त्यांनी आपल्या लोकांसाठी वेगळे काही केले नाही, असे वाटे. महाराच्या मुलाला जे देईन तेच जैनाच्या मुलाला देईन, ही त्यांची भूमिका आयुष्यभर बदलली नाही. अण्णासाहेब लठ्ठे १९५० मध्ये निवर्तले. त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था सांगलीत उभी राहिली आणि तिच्या शाळा-महाविद्यालयांतून सर्व जातिधर्मांची मुले शिकत आली आहेत. कोल्हापूरच्या भोजनगृहाच्या दारात समोरासमोर उभे राहिलेले दोन जैन पुरुष अशा रीतीने एकाच वाटेवर आले, जरी एकाला ती वाट अगोदर दिसली होती.

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी. लिट्. पदवी प्रदान केली. इंग्रजी सहावीच्या पुढे न गेलेल्या या पुरुषाची प्रकृती तेव्हा ढासळलेली होती. त्यानंतर लवकरच, ९ मे १९५९ रोजी, पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचे पार्थिव साताऱ्यास आणण्यात आले आणि तेथेच त्यांची समाधी आहे.